कामावर अपघात झाला, वकील गाठायचाय? आधी पगाराची स्लिप काढा

माझ्या भाच्याचं अंगठ्याशेजारचं बोट नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली गेलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला, "ओळखीचा वकील आहे का कोणी?" खरं तर आधी पगाराची स्लिप बघायला हवी होती. वकील लागतो की नाही, हे बरंचसं त्या कागदावरच ठरतं.

स्लिपवर ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, कपात (पगाराच्या ०.७५ टक्के) दिसत असेल, तर भरपाई मालकाकडून नव्हे, कामगार विम्यातून मिळते. साधारण १० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना हा विमा असतो. उपचार सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात होतात. कामावर जाता येत नाही त्या दिवसांचे सरासरी रोजाच्या ९० टक्के पैसे मिळतात, आणि कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड टक्का ठरवून पेन्शन लावतं. मालकाने अपघाताचा अहवाल विमा कार्यालयाला पाठवलाय का, एवढं मात्र स्वतः जाऊन विचारा. कपात होत होती पण विमा नंबरच नाही, असंही निघतं. नोंदणी मालकाने केली नाही म्हणून कामगाराचा हक्क जात नाही, पण तिथे वकील कामाला येतो.

विमा लागू नसेल तर दावा थेट मालकावर. पूर्वी तो १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली चाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याजागी सामाजिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू झाला, म्हणून वकिलाला पहिल्यांदा अपघाताची तारीख सांगा. ती ऐकल्यावर कुठला कायदा लागतो हे त्याला सांगता आलं नाही, तर चहा पिऊन निघा.

मालक दोन गोष्टी हमखास ऐकवतो. पहिली, "तुझ्याच चुकीने झालं." निव्वळ निष्काळजीपणामुळे भरपाई जात नाही. दारू पिऊन काम केलं किंवा मशीनचं गार्ड मुद्दाम काढलं असेल तर मालकाला भरपाई अडवता येते. मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्व आलं असेल तर मालकाची ही सबबही चालत नाही. दुसरी, "तो ठेकेदाराचा माणूस आहे." ठेकेदाराचा असला तरी कंपनीच्या कामावर, कंपनीच्या आवारात अपघात झाला, तर कंपनीकडून भरपाई मागता येते. कंपनीने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी.

रक्कम किती? पूर्ण कायम अपंगत्वाला महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक (कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा), मृत्यूला ५० टक्के गुणिले तोच गुणक. जुन्या कायद्यात ३ जानेवारी २०२० पासून पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. ३० वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८. म्हणजे ९,००० (१५,००० चे ६० टक्के) गुणिले २०७.९८, झाले १८,७१,८२०. अंगठ्याशेजारचं पूर्ण बोट गेलं तर कायद्याच्या तक्त्यात १४ टक्के आहेत, म्हणून हाती साधारण २ लाख ६२ हजार. भाच्याला कंपनीने आधी पाकिटात घालून २५ हजार दिले होते, सोबत 'माझी काही तक्रार नाही' असं टाइप केलेला कागद. त्याने सही केली नाही, एवढं नशीब. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दच ठरतो, आणि तडजोड करायचीच तर ती भरपाईचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावी लागते. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण लांबवलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो.

मुदत अपघातापासून दोन वर्षं. मालकाला लेखी कळवणं मात्र लगेच. रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

वकिलाकडे जाताना पिशवीत एवढं असू द्या: आधार आणि वयाचा पुरावा (गुणक वयावर आहे, शाळेचा दाखला उत्तम), पगाराच्या स्लिपा नाहीतर बँकेचं पासबुक, गेटपास किंवा ओळखपत्र, दवाखान्याचे कागद आणि औषधांची बिलं, अपंगत्वाचा दाखला, पोलिसांत नोंद झाली असेल तर तिची आणि पंचनाम्याची नक्कल, सोबत काम करणाऱ्या दोघांचे फोन नंबर. मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद. रोख पगार घेणाऱ्याकडे स्लिप नसते. तिथे सोबत्यांची साक्ष आणि फोनमधले ठेकेदाराचे मेसेज उपयोगी पडतात, डिलीट करू नका.

आता वकील. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलचा (वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा) नियम मनाई करतो, त्यामुळे गुगलवरच्या 'टॉप टेन' यादीवर विसंबू नका. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात काळे कोट ढीगभर दिसतील, पण आपल्याला हवा कामगार न्यायालयात रोज उभा राहणारा. सातपूर-अंबडच्या युनियनच्या कार्यालयात विचारलं तर नाव लगेच कळतं. मग न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या सरकारी साइटवर वकिलाच्या नावाने शोधून बघा, असल्या केसेस खरंच चालवतात का. सनद नंबर (वकिलीच्या परवान्याचा) विचारायला लाजू नका.

"मिळेल त्यातले २० टक्के माझे" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. निकालावर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. फी आकड्यात ठरवा, टप्प्याटप्प्याने द्या, पावती घ्या. वकीलपत्र वाचूनच सही करा, आणि मूळ कागद कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगार, महिला, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हे आमच्या युनियनवाल्यांनाही ठाऊक नव्हतं! हेल्पलाइन १५१००.

हात गमावून सुरगाण्याला किंवा थेट बिहारला परतलेल्यांनी तारखांसाठी नाशिकला खेपा घालण्याचं कारण नाही. अपघात झाला तिथे, आपण राहतो तिथे किंवा कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथे, यांपैकी कुठेही दावा लावता येतो.