साडेतीन केबीतला शनिवारवाडा

३,५८४ बाइट. गेम बॉय म्हणजे निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेम यंत्र; त्याला जोडायच्या गेम बॉय कॅमेऱ्यात एका फोटोचं चित्र एवढ्याच जागेत मावतं. तुम्ही वाचताय तो हा लेखसुद्धा मोबाइलमध्ये यापेक्षा जास्त जागा खातो.

हा कॅमेरा १९९८ साली आला, तेव्हा आपल्याकडची पोरं ‘ब्रिक गेम’वर खूश होती. गेमचं कार्ट्रिज, म्हणजे गेम साठवलेली डबी, जिथे बसतं तिथेच तो खोचायचा; वरचा गोल डोळा मागे फिरवला की स्वतःचाही फोटो निघायचा. चित्र १२८ बाय ११२ ठिपक्यांचं, म्हणजे एकूण १४,३३६ ठिपके. गेम बॉयच्या पडद्यावर रंगाच्या छटा चारच, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याला दोन बिट पुरतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून गुणाकार करून आठाने भागलं की वरचा आकडा येतो. कार्ट्रिजच्या १२८ केबी मेमरीत असे ३० फोटो मावतात.

पण चारच छटांत माणसाचा चेहरा ओळखू येतो कसा? खरी गंमत इथे आहे. चित्राचे चार बाय चार ठिपक्यांचे चौकोन पाडलेले असतात आणि चौकोनातल्या प्रत्येक जागेचा उंबरठा, म्हणजे किती उजेडाला कोणती छटा द्यायची ती मर्यादा, वेगळा असतो. तेवढाच उजेड एका जागी ‘काळा’ ठरतो, तर शेजारच्या जागी ‘गडद करडा’. लांबून बघताना आपला डोळा दोन्ही मिसळून टाकतो आणि कॅमेऱ्याने कधी न दिलेली मधली छटा आपल्याला दिसते. जुन्या वर्तमानपत्रातले फोटो काळ्या शाईच्या लहानमोठ्या ठिपक्यांनी हेच करत.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हा डोळा रोखला तर? तळाच्या दगडी बांधकामावर जाळीदार नक्षी उमटेल, कमानीतली सावली ठार काळी होईल. दाराजवळ उभं राहिलात तर अणकुचीदार खिळे मोजता येतील. दोन्ही बुरूज चौकटीत घ्यायला मागे सरकलात, की एकेका खिळ्याच्या वाट्याला धड एक ठिपकाही उरणार नाही.

उजेड टिपणारी आतली चिप मित्सुबिशीची, सीमॉस जातीची. त्या काळच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत सीसीडी ही दुसऱ्या जातीची चिप असायची. आज तुमच्या मोबाइलमध्ये आहे ती सीमॉसच. शिवाय कडा ठळक करण्याचं काम ही चिप स्वतःच, उजेडाचे आकडे तयार होण्याआधी उरकते. गेम बॉयच्या आठ-बिटी प्रोसेसरच्या गळ्यात ते मारलं असतं तर बिचाऱ्याला धाप लागली असती. खेळणं म्हणून विकलेल्या वस्तूत इतकी अक्कल घालणाऱ्या इंजिनिअरांचं मला फार कौतुक वाटतं.

रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात असं कार्ट्रिज हाती लागलंच, तर उत्साहाच्या भरात उघडू नका. फोटो जिवंत राहतात ते आतल्या छोट्या बॅटरीवर. ती संपली किंवा काढली, की तीसच्या तीस फोटो गेले.

२०१७ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे हा कॅमेरा १८३८ सालच्या दुर्बिणीला जोडून चंद्र आणि गुरूचे फोटो घेतले गेले. ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी हौशी आकाशनिरीक्षकांची १९४४ पासूनची संस्था असलेल्या पुण्यात हा उद्योग करणारा कुणी ना कुणी निघेलच. त्याने सुरुवात चंद्रापासून करावी. तिथे उजेड भरपूर आणि विवरांच्या सावल्या काळ्याभोर, चार छटांना साजेशा. गुरूचं अवघड आहे: अंधूक उपग्रह टिपायला जास्त वेळ उजेड घ्यावा, तर गुरू स्वतः पांढरा फटक होऊन बसतो.