एका अंशाची चूक

दहिसरजवळ ट्रकच्या चाकाखालची खडी उडाली आणि मामेभावाच्या गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेला. गॅरेजवाल्याने दोन तासांत नवी काच बसवून दिली. पण तेव्हापासून गाडी विचित्र वागायला लागली. सरळ चालवली तरी लेन सोडल्याची सूचना, शेजारून बेस्टची बस गेली तरी ब्रेकचा इशारा. ‘हिला मुंबईची रहदारी झेपत नाही,’ भाऊ वैतागला.

रहदारी बिचारी निर्दोष होती. आरशामागे, काचेला लागून लेन आणि समोरच्या गाड्यांवर नजर ठेवणारा एक कॅमेरा असतो. काच बदलताना तो काढून परत बसवला, तेव्हा त्याचा कोन जरासा हलला. एकच अंश समजू. 100 मीटरवर एक अंश म्हणजे जवळजवळ पावणेदोन मीटर, आणि लेनची रुंदी असते साधारण साडेतीन. शेजारची बस अर्धी लेन सरकून समोर आलेली दिसणार!

गाडीत रडारही असतो की, मग तो चूक का पकडत नाही? रडार अंतर आणि वेग नेमका सांगतो, दिशेच्या बाबतीत मात्र ढोबळ. कॅमेऱ्याचं उलट: दिशा छान, अंतर अंदाजाने. (पावसाळ्यात रडारही थोडा मार खातो. त्याची लहर जेमतेम 4 मिलिमीटरची, धो धो पावसाचे थेंबही साधारण तेवढेच.) म्हणून संगणक ज्याची चूक कमी असण्याचा संभव त्याचं जास्त ऐकतो. अभियंता रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 मध्ये मांडलेलं गणित यासाठी आजही वापरतात.

हे गणित थरथरणाऱ्या चुका छान पुसतं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाणारी मोजमापं एकमेकांना सावरून घेतात. वाकडा कॅमेरा मात्र दर वेळी त्याच बाजूला, तेवढाच चुकतो, तोही ठामपणे. घड्याळ पाच मिनिटं मागे असेल, तर ते दहा वेळा पाहूनही 8:12 ची लोकल चुकणारच.

उपाय कॅलिब्रेशनचा. गाडीसमोर ठरलेल्या अंतरावर खुणांचा फलक उभा करून कॅमेऱ्याला त्याचा खरा कोन शिकवायचा. त्यासाठी टायरमधली हवा बरोबर हवी, डिकी रिकामी हवी आणि जमीन सपाट हवी. पहिल्या दोन गोष्टी भावाने दहा मिनिटांत उरकल्या. सपाट जमिनीचं गॅरेज शोधत तो अजून फिरतोय.