प्राथमिक शाळेतील नियमित उपस्थिती (सोलापूर)

पटावर नाव असलेले मूल शाळेच्या कामकाजाच्या दिवशी वर्गात हजर असणे, यास शालेय उपस्थिती म्हणतात. पटसंख्या जूनमध्ये भरते. उपस्थिती मात्र वर्षभर रोज नव्याने मिळवावी लागते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यात ती प्रामुख्याने विडी, यंत्रमाग आणि ऊसतोड या तीन व्यवसायांच्या वेळापत्रकाशी बांधलेली आहे.

सक्तीच्या उपस्थितीची कल्पना या प्रदेशात केव्हा रुजली, याबाबत एकमत नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे (ब्रिटिश सरकारचा शिक्षणविषयक आयोग) दिलेल्या निवेदनात किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. काही अभ्यासक तेथूनच आरंभ मानतात. अंमलबजावणीला महत्त्व देणारे अभ्यासक बडोदे संस्थानाकडे बोट दाखवतात. तेथे १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग झाला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचा आदेश काढला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दंड ठेवला. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले असेल अशाच भागात सक्ती लावावी, अशी अट त्यात होती. आधी हजेरी वाढावी आणि मग कायदा यावा हा त्यामागील क्रम आजही विचारात घेण्याजोगा आहे.

सोलापूर ब्रिटिश जिल्हा असल्याने बडोदे व कोल्हापूर येथील आदेश येथे लागू नव्हते. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने झालेल्या १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला आणि १९२३ च्या कायद्याने तो विषय ग्रामीण भागापर्यंत नेला. आजच्या जिल्ह्यातील अक्कलकोट तेव्हा स्वतंत्र संस्थान होते आणि मंगळवेढे सांगली संस्थानात मोडत होते. त्यामुळे १९१८ किंवा १९२३ हे संपूर्ण जिल्ह्याचे आरंभवर्ष धरणे योग्य नाही. शहरातील ‘सेटलमेंट’चा दाखलाही कधी कधी दिला जातो. काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली वसवलेल्या या वसाहतीत मुलांना शाळेत जावेच लागे. परंतु तेथे मोठ्या माणसांचीही हजेरी घेतली जाई आणि भोवती तारेचे कुंपण होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. बंदिवासातील या हजेरीला शिक्षणाच्या सक्तीचा आरंभ म्हणणे रहिवाशांवर अन्याय करणारे आहे. सर्व बाजू पाहता, जिल्ह्यापुरता निश्चित पाया मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ हाच मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन तास ठरवलेले आहेत. मुलांच्या उपस्थितीवर देखरेख ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, तर पालकांच्या सभेत तिची माहिती देणे हे शिक्षकाचे. महिनाभर सलग गैरहजर राहिलेले मूल महाराष्ट्रात शाळाबाह्य धरले जाते. या मोजणीत एक उणीव आहे. आठवड्यातून दोन दिवस न येणारे मूल शाळाबाह्य ठरत नाही, पण वर्षाअखेरीस त्याचे साठाहून अधिक दिवस बुडालेले असतात. मधल्या सुट्टीनंतर घरी गेलेले मूलही एकवेळच्या हजेरीत हजरच दिसते. वर्गाची सरासरी उपस्थिती चांगली दिसत असताना तीच ती चार-पाच मुले सतत मागे पडत राहतात. म्हणून सरासरीपेक्षा प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद अधिक उपयोगाची असते. ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीने पटावरील आकडा आणि वर्गातील मुले यांच्यातील तफावत उघड केली होती.

खंडित हजेरीचे नुकसान पहिल्या तीन इयत्तांत सर्वांत जास्त होते. जोडाक्षरे किंवा हातच्याची वजाबाकी शिकवली जात असताना पंधरा दिवस बुडाले, तर पुढचा धडा वाचता येत नाही आणि पुढचे उदाहरण सुटत नाही. मग शाळा नकोशी वाटते आणि गैरहजेरी आणखी वाढते. या मुलांना आळशी म्हणणे हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय आहे. सोलापुरात भाषेचाही प्रश्न त्यात मिसळतो. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड व तेलुगू माध्यमांतून चालत आल्या आहेत. घरी तेलुगू बोलणारे मूल मराठी वर्गात बसले की सुरुवातीचे काही महिने त्याच्यासाठी फार मोलाचे असतात.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील अनेक घरांत आई विड्या वळते. पान कापणे, भरणे, दोरा बांधणे ही कामे घरीच होतात आणि तयार माल कारखान्यात द्यायला आई बाहेर पडली की धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते. तिचे नाव पटावरून जात नाही, आठवड्यातले दिवस तेवढे जातात. विडी कामगारांच्या मुलांसाठी कल्याण निधीतून शिष्यवृत्ती आहे. तरीही अंगणवाडी आणि शाळेच्या वेळा जुळल्या, तर या मुलींना अधिक तातडीचा आधार मिळेल. यंत्रमागाच्या घरांत कांडी (सूत गुंडाळायची नळी) भरण्याचे काम मुलांकडे येते.

ऊसतोडीचा परिणाम वेगळा आहे. गाळप हंगाम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्णच जाते. सोलापुरात साखर कारखाने मोठ्या संख्येने असल्याने मराठवाड्यातून टोळ्या येथे येतात. जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यातील कुटुंबेही स्थलांतर करतात. त्यासाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा, मूळ गावी हंगामी वसतिगृहे आणि मूल जेथे जाईल तेथील शाळेने त्याला बसवून घ्यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक असे उपाय झाले. यांपैकी हंगामी वसतिगृह अधिक परिणामकारक वाटते, कारण त्यात मुलाची शाळा व शिक्षक बदलत नाहीत. मात्र ते दिवाळीपूर्वी, कुटुंबे निघण्याआधी, सुरू व्हावे लागते.

आमिषापेक्षा सोयीने उपस्थिती वाढते, असे पोषण आहाराच्या इतिहासावरून दिसते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या योजनेत अनेक ठिकाणी ८० टक्के हजेरीच्या अटीवर महिन्याला ३ किलो धान्य घरी दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शिजवलेले अन्न शाळेतच देणे बंधनकारक झाले. दुर्बल घटकांतील मुलींसाठी राज्याने रोज १ रुपया उपस्थिती भत्ताही ठेवला होता. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्यासोबतच मुलींची उपस्थिती वाढवणे हाही त्यांच्या कामाचा भाग होता. उन्हाळ्यात जिल्ह्यात शाळा सकाळच्या सत्रात भरवली जाते. आषाढी वारी आणि जानेवारीतील सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा या काळातील सुट्ट्या स्थानिक पातळीवर ठरतात.