घरगुती लक्षणपारख

दवाखान्यात जाण्यापूर्वी घरातच लक्षणे पाहून विसावा, पथ्य, काढा की डॉक्टर हे ठरवण्याची रीत. कणकण, कसर, हुडहुडी, अंग मोडून येणे, जिभेवरचा थर, लघवीचा रंग ही तिची सामग्री नाशिकमध्येही उर्वरित महाराष्ट्रासारखीच आहे.

रीतीचा उगम निश्चित सांगता येत नाही. आयुर्वेदाने निदान (रोगाचे कारण), पूर्वरूप (आधीची चाहूल), रूप (लक्षणे), उपशय आणि संप्राप्ती (रोग घडण्याचा क्रम) ही रोगज्ञानाची पाच साधने मानली. चिकित्सा वगळून केवळ रोगनिदानाला वाहिलेला माधवकराचा माधवनिदान हा ग्रंथ साधारणपणे इ. स. सातव्या-आठव्या शतकातला मानतात. आहार-औषध देऊन उतार पडतो का, यावरून रोग ताडणे म्हणजे उपशय. सुंठीचा काढा देऊन सकाळची वाट पाहणारी आजी तेच करते. त्यावरून ही रीत ग्रंथांतून घरात आली, असे म्हणता येईल. उलट दिशेचा प्रवास मात्र अधिक संभवनीय वाटतो.

तापाचा आकडाही वाटतो तितका पक्का नाही. ९८.६ अंश फॅरनहाइट हे प्रमाण जर्मन वैद्य वुंडरलिख यांच्या १८६८ च्या ग्रंथातून रूढ झाले. त्यांची मोजणी काखेतली होती. १९९२ च्या अमेरिकन पाहणीत तोंडातील सरासरी ९८.२ भरली. जुने तापमापक चढा आकडा दाखवत असावेत, असे एक मत. एकोणिसाव्या शतकानंतर माणसाचे सरासरी तापमानच उतरले, असे २०२० मधील एका अभ्यासाचे. दोन्ही कारणांचा वाटा असणे शक्य आहे. शिवाय पहाटेपेक्षा संध्याकाळी आकडा चढाच असतो. व्यवहारात १००.४ पासून ताप धरतात. कपाळावर हात ठेवून ताप आहे की नाही एवढे बहुधा कळते, किती ते नाही.

पावसाळ्यात व त्यानंतर शहरात डेंग्यू, चिकुनगुन्याचे रुग्ण वाढतात. ‘ताप उतरला, आजार गेला’ हा घरगुती ठोकताळा डेंग्यूत घातक ठरतो: धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरतानाच सुरू होतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती ही त्याची चिन्हे. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन या काळात टाळतात.

निफाड, दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठीच्या छाटणीनंतर) फवारण्यांचा हंगाम असतो. फवारणाऱ्याची मळमळ, घाम, डोकेदुखी ‘पित्त’ किंवा ‘ऊन लागले’ म्हणून सोडून दिली जाण्याचा धोका आहे. ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकाच्या विषबाधेत लाळ सुटते आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. पित्तात तसे होत नाही.

थंडीत लहान मुलांचा खोकला नेहमीचाच. तेव्हा मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजतात. दोन महिन्यांखालील बाळात ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरल्यास न्यूमोनियाची शंका घेतात.