डाव्या मनगटावरचा तीनताल

रियाज संपवून तबल्यावर कापड टाकलं की माझ्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं आणि दिवसभराची पावलं पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन करतं. गेल्या तासाभरात मी मांडी मोडलेली नसते, पाणी प्यायलाही उठलेलो नसतो. पुण्यात गणेशोत्सवाआधी नदीपात्रात सराव करणाऱ्या ढोल-ताशा पथकातल्या मुलामुलींना विचारा. एका जागी उभं राहून वाजवलेल्या आवर्तनांची पावलं त्यांच्याही घड्याळात जमा झालेली असतात. असं का होतं याच्या मागे लागलो, तेव्हा घड्याळाबद्दल जितकं कळलं तितकंच तबल्याबद्दलही कळलं.

घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्याच्या आत त्वरणमापक नावाची सिलिकॉनची एक सूक्ष्म चकती असते. त्यात केसाहून बारीक स्प्रिंगांवर एक इवलंसं वजन टांगलेलं असतं. हात हलला की ते वजन मागे राहतं, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्यानुसार विद्युतधारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. हा बदल सेकंदाला साधारण २५ ते १०० वेळा वाचला जातो. चालताना आपले हात लयीत झुलतात, त्यामुळे आलेखावर एकामागोमाग एक सारख्या टेकड्या उमटतात. अशा काही टेकड्या सलग आणि समान अंतरावर आल्या, की घड्याळातला प्रोग्रॅम त्यांना पावलं म्हणतो. अधूनमधून हात हलला तर तो सोडून देतो, कारण भांडी घासण्याची किंवा कपडे वाळत घालण्याची हालचाल इतकी नेमाने येत नाही.

आणि इथेच वादक अडकतो. सलग, समान अंतरावर, न चुकता हालचाल करायला तर त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. सहज चालताना मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं पडतात. मध्यलयीतला ठेका धरा, मात्रांचा, म्हणजे तालाच्या ठोक्यांचा, वेगही त्याच्याच आसपास येतो. म्हणजे मध्यलयीत वाजवणारा माणूस घड्याळाच्या लेखी फिरायला निघालेला असतो. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, ठोक्यांमधलं अंतर इतकं मोठं होतं की त्यांना पावलं म्हणणं प्रोग्रॅमला पटत नाही. द्रुतात, म्हणजे जलद लयीत, मात्रांचा वेग मिनिटाला ३०० च्या पुढे गेला, की तो धावण्याच्याही पलीकडे जातो आणि प्रोग्रॅम त्याला थरथर समजून गाळून टाकतो किंवा त्यातलं काहीबाही मोजतो. त्यामुळे भरधाव बोलांच्या ज्या रेल्याने दंड भरून येतो, त्याची पावलं कमी पडतात आणि निवांत ठेक्याची जास्त.

याहून मोठी गोष्ट मला बरीच उशिरा लक्षात आली. उजव्या हाताने काम करणारी बहुतेक माणसं घड्याळ डाव्या हातात बांधतात. माझंही तिथेच असतं, आणि माझा डावा हात डग्ग्यावर, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या घुमणाऱ्या मोठ्या भांड्यावर, असतो.

तीनताल मनात म्हणून पाहा. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. 'धा' आणि 'धिं' दोन्ही हातांचे. 'तिं' आणि 'ता' एकट्या उजव्याचे. म्हणजे दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा गप्प असतो. उजव्या हाताने सोळाच्या सोळा मात्रा वाजवल्या, तरी डाव्या मनगटावरच्या घड्याळाच्या वाट्याला त्यातल्या बाराच येतात. 'तिरकिट' घेतलं तर तफावत आणखी वाढते. चार अक्षरांपैकी एक 'कि' डाव्याचा, उरलेली तीन उजव्याची. शिवाय डग्ग्यावर मनगटाचा तळ पुडीवर टेकलेला असतो. 'घे' घुमवताना तळवा दाबून पुढे सरकवायचा असतो. त्या घसाऱ्यात दाब मोठा आणि हालचाल जेमतेम दोन बोटांची. त्वरणमापकाला दाब कळत नाही, त्याला फक्त वेगातला बदल कळतो. ज्या मिंडेसाठी आम्ही वर्षानुवर्षं डग्ग्यावर तळवा घासतो, ती त्याला जवळजवळ स्थिर बसल्यासारखी दिसते.

पेटीवाल्याची गोष्ट उलटी आहे. त्याचा डावा हात भाता हलवतो, खरी धावपळ मात्र उजव्या हाताची बोटं करतात. घड्याळाला भाता दिसतो, तान दिसत नाही. व्हायोलिनमध्ये गज उजव्या हातात असतो. डाव्या मनगटाला त्या लांबलचक ओढीचा पत्ताच लागत नाही.

पावलं चुकली तरी निदान हृदयाचे ठोके बरोबर असतील, असं वाटतं. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश त्यासाठीच असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त भरतं आणि ओसरतं, तसा परतणारा प्रकाश किंचित कमीजास्त होतो. हा बदल फार नाजूक असतो. मनगट वळलं, मूठ आवळली, स्नायूबंध ताणले गेले की रक्त इकडेतिकडे सरकतं आणि प्रकाशाच्या वाचनात हाताच्या हालचालीची लाट मिसळते. ही लाट तालात आली, तर घड्याळ नाडी सोडून ताल धरून बसतं. धावणाऱ्यांच्या बाबतीत हा दोष चांगला परिचयाचा आहे. तिथे घड्याळ पावलांचा वेगच हृदयगती म्हणून दाखवतं. टिपरू धरून ढोल बडवणाऱ्या हातावर काय होत असेल, याची त्यावरून कल्पना येते.

छातीवर बांधायचा पट्टा या बाबतीत कितीतरी भरवशाचा, कारण तो हृदयाचे विद्युत संकेत वाचतो. वादक किती झिजतो, हे अशा नीट मोजणीतूनच पुढे आलं. 'ब्लाँडी' या अमेरिकी बँडचे ड्रमर क्लेम बर्क यांच्यावर इंग्लंडमधल्या चिचेस्टर आणि ग्लॉस्टरशर या विद्यापीठांतल्या संशोधकांनी अनेक वर्षं अभ्यास केला. कार्यक्रमात त्यांची हृदयगती मिनिटाला सरासरी १४० ते १५० असे आणि १९० पर्यंत चढे. हे आकडे अव्वल खेळाडूंचे. मला ही बातमी वाचून फार आनंद झाला होता. बसून वाजवणं म्हणजे कष्ट नव्हेत, हे आम्ही घरातल्यांकडून पुष्कळ ऐकलेलं असतं.

तरीही वाढलेली हृदयगती म्हणजे तितक्या कॅलरी खर्च झाल्या, असं सरळ म्हणता येत नाही. मैफलीत पहिला तुकडा उचलण्याआधीच छाती धडधडते. तो ॲड्रेनलिनचा परिणाम असतो, स्नायूंनी तेवढं काम केलेलं नसतं. घड्याळ मात्र वय, वजन, लिंग आणि हृदयगती यांवरून कॅलरींचा अंदाज काढतं, आणि भीतीचा हिशेबही व्यायामात धरतं. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० स्वयंसेवकांवर मनगटावरची सात उपकरणं तपासली. त्यांतल्या सहांची हृदयगतीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरींमध्ये मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. आणि ही चाचणी चालणं, धावणं, सायकल असल्या घड्याळांच्या ओळखीच्या हालचालींवर होती.

मग खरा अंदाज कुठून घ्यायचा? शरीराचा खर्च मोजायचा विश्वासाचा मार्ग म्हणजे तोंडावर मुखवटा लावून किती ऑक्सिजन वापरला ते पाहणं. अशा मोजण्यांवरून संशोधकांनी कामांची एक मोठी यादी केली. ती पहिल्यांदा १९९३ साली निघाली, पुढे वेळोवेळी सुधारली गेली. तिचं एकक मेट. शांत बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट, ढोबळमानाने दर किलो वजनामागे तासाला एक किलोकॅलरी. २०११ च्या यादीत बसून वाजवलेल्या बासरीला २, पियानोला २.३, व्हायोलिनला २.५ आणि ड्रम्सना ३.८ मेट दिले आहेत. बोंगो-कोंगासारखी हाताने वाजवायची वाद्यंही त्या यादीत आहेत, आणि आपल्या तबल्याचे ते जवळचे नातलग. चालत चालत वाजवणाऱ्या बँडला ५.५. साठ किलोच्या माणसाने तासभर ३.८ मेटचं वादन केलं, तर सुमारे २२८ किलोकॅलरी खर्च होतात. बऱ्यापैकी झपाट्याने तासभर चालल्यावर जवळपास इतक्याच होतात. विलंबित आणि द्रुत यांतला फरक या आकड्यात नाही, पण मनगटाच्या झुलण्यावरून काढलेल्या अंदाजापेक्षा मला तो जवळचा वाटतो.

सनईवाल्याला मात्र मुखवटाही लावता येत नाही, तोंडात वाद्यच असतं. जोराने फुंकताना छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि नाडी हेलकावे खाते. त्याच्या मनगटावर घड्याळाला हालचाल जवळजवळ सापडत नाही, आणि नाडी सापडली तरी तिचा अर्थ लागत नाही. ढोलवाल्याचं दुखणं वेगळं. कमरेला बांधलेला कित्येक किलोंचा ढोल पाठ, पोटऱ्या आणि खांदे तासन्‌तास तोलून धरतात. स्नायू ताणलेले पण जागचे न हललेले, असल्या कष्टांना त्वरणमापकाकडे शून्य किंमत आहे. मिरवणुकीत घड्याळ पाहून 'अजून फार दमलो नाही' असं ठरवू नये, एवढं मी पथकातल्या मित्रांना कळकळीने सांगतो. पाणी तहानेवर आणि वेळेवर प्यावं.

याच त्वरणमापकाला नेमका प्रश्न विचारला, तर तो फार सुंदर उत्तर देतो. फोनमध्येही तो असतोच. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत ॲप त्याचं कच्चं वाचन आलेखात दाखवतं. फोन रुमालाने डाव्या हाताला घट्ट बांधा आणि तीनतालाची चार-पाच आवर्तनं वाजवा. आलेखावर प्रत्येक आवर्तनात बारा टेकड्या उठतात. नवव्या मात्रेनंतर रेघ चार मात्रा खाली बसते आणि चौदाव्या 'धिं'वर पुन्हा उठते. लय कुठे पळाली, कुठे रेंगाळली, तेही दोन टेकड्यांमधल्या अंतरावरून दिसतं. मग फोन उजव्या हाताला बांधून तेच वाजवा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवा.