कंट्री अल्बम-समीक्षा

अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा नवा अल्बम निघाला की त्याच्यावर वृत्तपत्रांत, मासिकांत आणि आता बहुतांशी संकेतस्थळांवर जे परीक्षण लिहिले जाते, त्या लेखनप्रकाराची ही नोंद. रॉक किंवा पॉपच्या परीक्षकाला अल्बम कसा झाला आहे एवढेच सांगायचे असते. कंट्रीच्या परीक्षकापुढे त्याआधी एक आगंतुक प्रश्न येऊन बसतो : हे कंट्री आहे का? या प्रश्नाने जेवढी शाई खाल्ली तेवढी कुठल्याही एका गायकाने खाल्ली नसेल, आणि पुष्कळदा त्या वादात गाणे ऐकायचे राहून गेले आहे.

प्रश्न जुना आहे आणि तो मुळात बाजाराने घातलेला आहे. 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतले लोकसंगीत विकायला काढले, तेव्हा गोऱ्या गायकांच्या तबकड्या ‘हिलबिली’ (म्हणजे डोंगरी, गावंढळ) किंवा ‘जुन्या चालीची गाणी’ म्हणून आणि कृष्णवर्णीयांच्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून वेगवेगळ्या याद्यांत छापल्या. प्रत्यक्षात वादक एकमेकांचे ऐकत, एकमेकांच्या चाली उचलत. बँजो हे वाद्य तर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या परंपरेतले. दुकानातल्या फळ्या वेगळ्या झाल्या म्हणून संगीतही वेगळे मानले गेले. 1927 च्या उन्हाळ्यात राल्फ पीर व्हिक्टर कंपनीसाठी टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रणाचे सामान घेऊन उतरला आणि कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांच्या पहिल्या तबकड्या तिथे निघाल्या. कंट्रीचा इतिहास सहसा तिथून सांगतात.

त्या काळी याला समीक्षा मिळत नसे. मिळाली तर टवाळी मिळे. ‘व्हरायटी’ या करमणूक-व्यवसायाच्या साप्ताहिकाने 1926 च्या डिसेंबरात हिलबिली संगीतावर पहिल्या पानावर लिहिले, ते त्याच्या श्रोत्यांना अडाणी आणि मंदबुद्धी ठरवून. ‘बिलबोर्ड’ या दुसऱ्या व्यवसाय-साप्ताहिकाचा सूर तसा नव्हता, पण त्याचा वाचक दुकानदार आणि ज्यूकबॉक्सवाला, म्हणजे नाणे टाकले की गाणे वाजवणारी यंत्रे चालवणारा. त्यातली परीक्षणे दोन-चार ओळींची असत आणि त्यांना एकच विचारायचे असे : यंत्रात नाणी पडतील का? याच ‘बिलबोर्ड’ने 1944 मध्ये ज्यूकबॉक्सवरच्या ‘फोक’ तबकड्यांची यादी सुरू केली, 1949 मध्ये ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव घेतले आणि 1964 च्या जानेवारीत कंट्री अल्बमांची स्वतंत्र यादी काढली. तोवर कंट्री अल्बम म्हणजे एक-दोन चाललेली गाणी आणि बाकी भरताड असाच मामला बहुधा असे. अखंड अल्बमची समीक्षा व्हायला आधी अल्बम अखंड व्हावा लागतो.

ते घडले 1960 च्या दशकाच्या अखेरीस, आणि नेमके तेव्हाच रॉकची मासिके निघाली. ‘रोलिंग स्टोन’ 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाले. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ 1969 पासून न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये अल्बमांना शाळेच्या प्रगतिपुस्तकासारख्या श्रेण्या देऊ लागला. या मंडळींनी कंट्री गंभीरपणे ऐकले हे खरे, पण ऐकले रॉकच्या कानांनी. बंडखोर, एकटा, कंपनीशी भांडणारा गायक त्यांना आवडे. टेनेसीतले नॅशव्हिल हे कंट्रीच्या धंद्याचे गाव. तिथला गुळगुळीत वाद्यमेळ, ज्यात चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल (म्हणजे गावाकडच्या ढंगाने वाजवलेले व्हायोलिन) आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनांचे ताफे आणि कोरस आणला, तो त्यांना खपत नसे. ‘कंट्री ऐकणाऱ्यांना न आवडणारे कंट्री समीक्षकांना आवडते’ ही तक्रार तेव्हापासूनची, आणि ती सर्वस्वी खोटी नाही.

पण कधीकधी समीक्षक आणि श्रोता एकाच बाजूला उभे राहिले आणि अडून बसली ती कंपनी. विली नेल्सनचा 1975 चा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ हा त्याचा नमुना. टेक्सासमधल्या गार्लंडच्या एका स्टुडिओत थोडक्या पैशांत झालेले हे ध्वनिमुद्रण कोलंबिया कंपनीच्या साहेबांनी ऐकले आणि त्यांना वाटले हा कच्चा नमुना आहे, पक्के काम व्हायचे आहे. बायकोचा खून करून घोड्यावरून भटकणाऱ्या धर्मोपदेशकाची गोष्ट, आणि साथीला जवळजवळ काहीच नाही : विलीची नायलॉनच्या तारांची गिटार, बहीण बॉबीचा पियानो, मिकी राफेलचा माउथ ऑर्गन. ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’ ऐकताना दोन ओळींमधली शांतता वाद्यासारखी वाजते; विली शब्द ठेक्याच्या किंचित मागे टाकतो, आपल्याकडचा गायक समेच्या आधी ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवतो तसा. करारात विलीला स्वातंत्र्य होते म्हणून अल्बम आहे तसा निघाला आणि कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीने जुनी-नवी गाणी जुळवून ‘वाँटेड! द आउटलॉज’ काढला. प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रतींच्या खपाचे, प्रमाणपत्र मिळालेला हा पहिला कंट्री अल्बम. त्याच्या वेष्टनावरचा मजकूर लिहिला होता ‘रोलिंग स्टोन’च्या चेट फ्लिपोने. फ्लिपो हा कंट्रीवर लिहिणाऱ्यांतला मातब्बर माणूस, पण समीक्षक आणि धंदा यांच्यातली भिंत किती पातळ असू शकते हे या वेष्टनावर दिसते. नॅशव्हिल शहर म्हणून मोठे असेल, संगीताचे नॅशव्हिल मात्र म्युझिक रो या कंपन्या-स्टुडिओंच्या वस्तीच्या चार गल्ल्यांत मावणारे. तिथे राहून कडक लिहिणे आणि न्यूयॉर्कात बसून कडक लिहिणे यांत फरक आहे.

समीक्षकाच्या शब्दाने कंट्री अल्बम खपतो किंवा पडतो असे फारसे झालेले नाही. ती सत्ता रेडिओकडे होती आणि अजून बऱ्याच अंशी आहे. त्यामुळे या समीक्षेचे खरे काम रेडिओने जे वाजवले नाही त्याची नोंद ठेवण्याचे झाले. जॉनी कॅशचा 1994 चा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ समीक्षकांनी डोक्यावर घेतला; कंट्री रेडिओने त्याकडे ढुंकून पाहिले नाही. डिक्सी चिक्स या त्रिकुटातल्या, मूळच्या टेक्सासच्याच नॅटली मेन्सने 2003 च्या मार्चमध्ये लंडनच्या रंगमंचावरून अध्यक्ष बुश टेक्सासचे असल्याची आपल्याला लाज वाटते असे म्हटले आणि शेकडो स्टेशनांवरून त्यांची गाणी उतरली. 2006 चा ‘टेकिंग द लाँग वे’ रेडिओने जवळपास वाळीतच टाकला. 2007 च्या फेब्रुवारीत त्याने आणि त्यातल्या गाण्याने मिळून पाच ग्रॅमी नेले. 2015 मध्ये एका रेडिओ सल्लागाराने स्टेशनांना बायकांची गाणी लागोपाठ वाजवू नका असे सांगताना पुरुष गायकांना सॅलडमधली पाने आणि बायकांना वर टाकायचे टोमॅटो म्हटले. समीक्षकांच्या वार्षिक याद्यांत गायिका वर आणि रेडिओच्या याद्यांत खाली का दिसतात, त्याचे एक कारण या सॅलडात आहे.

परीक्षणात पाहायचे काय? जाणकार परीक्षक आधी श्रेयनामावली वाचतो. नॅशव्हिलमध्ये गाणे बहुधा दोघे-तिघे मिळून, ठरल्या वेळी एका खोलीत बसून लिहितात. गायकाचे नाव त्यांत आहे की नाही, वाद्ये कोणी वाजवली, हे तिथे कळते. मग कान स्टील गिटारकडे जातात. हे वाद्य मराठी कानांना परके नाही. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या ‘हवाईयन गिटार’वरच्या रेकॉर्डी ज्यांनी ऐकल्या, त्यांनी मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारीच्या तारेवरून लोखंडी पट्टी सरकताना निघणारी ती मींड ऐकलेलीच आहे. हवाईतून निघालेला हा स्वर मुंबईत गिटारवादक व्हॅन शिपलीच्या हाती आला आणि अमेरिकेत त्याला पायपट्ट्या लागून तो ‘पेडल स्टील’ झाला.

शेवटी शब्द. कंट्रीत गाण्याचा सगळा डाव अनेकदा एका कोटीवर उभा असतो. केसी मस्ग्रेव्हजच्या 2018 च्या ‘गोल्डन अवर’मध्ये ‘स्पेस काउबॉय’ नावाचे गाणे आहे. नाव वाचले की अंतराळात भटकणारा गुराखी डोळ्यांसमोर येतो. गाण्यात मात्र ती या दोन शब्दांच्या मध्ये थांबते आणि अर्थ उलटतो : घे तुला हवी तेवढी मोकळीक, बाबा. ज्याला ती निघून जायला सांगते आहे त्याच्याशी ती भांडतसुद्धा नाही. या एका स्वल्पविरामाबद्दल नीट लिहिणारे परीक्षण मला ‘हे पॉप आहे की कंट्री’ यावरच्या दहा परीक्षणांपेक्षा मोलाचे वाटते. त्या अल्बमला 2019 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले; रेडिओवर त्याची गाणी बेतानेच वाजली.

समीक्षकाचा एखादा शब्द मात्र धंद्याच्याही तोंडी बसतो. जोडी रोझेनने 2013 मध्ये ‘न्यूयॉर्क’ मासिकात ट्रक, बिअर आणि तंग जीन्सवाली मुलगी एवढ्याच सामग्रीवर चाललेल्या गाण्यांना ‘ब्रो-कंट्री’ म्हटले. पुढे ती गाणी गाणाऱ्यांनाही मुलाखतींत त्या शब्दाला उत्तरे द्यावी लागली.

स्ट्रीमिंगने परीक्षकाचे हाल केले. 2014 च्या अखेरीस ‘बिलबोर्ड’ने अल्बमातली गाणी मिळून 1,500 वेळा ऐकली गेली की एक अल्बम खपला असा हिशेब लावला, साहजिकच जितकी गाणी जास्त तितकी बेरीज मोठी. मॉर्गन वॉलनच्या 2021 च्या अल्बमात 30 गाणी होती, 2023 च्या अल्बमात 36. दोन तासांच्या आसपासचा ऐवज शुक्रवारी येतो आणि परीक्षण शनिवारी हवे असते. अशा घाईत अल्बमची रचना, गाण्यांचा क्रम यांवर बोलणेच संपते.

2024 च्या मार्चमध्ये कृष्णवर्णीय पॉप गायिका बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ आला तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या त्या दोन फळ्या पुन्हा उघड्या पडल्या. तिने अल्बमात लिंडा मार्टेलला बोलते केले आहे. मार्टेल ही ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या मानाच्या रेडिओ-कार्यक्रमाच्या रंगमंचावर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, 1970 मध्ये तिचा एकमेव अल्बम निघाला, तो ज्या कंपनीतून निघाला तिचे नाव ‘प्लँटेशन’, म्हणजे गुलामांच्या राबणुकीचा मळा. आता वयोवृद्ध झालेली ही बाई संगीतप्रकारांची नावे ऐकायला सोपी पण जगायला कोंडणारी असल्याचे सुचवते. बियॉन्से कंट्री अल्बमांच्या यादीत पहिली आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने त्या वर्षी तिला एकही नामांकन दिले नाही. 2025 च्या फेब्रुवारीत ग्रॅमीने तिला सर्वोत्तम कंट्री अल्बम आणि सर्वोत्तम अल्बम हे दोन्ही सन्मान दिले. परीक्षणांत बियॉन्सेच्या हक्कावर जेवढे लिहिले गेले त्या मानाने याच अल्बमातल्या रिआनन गिडन्स या वादिकेच्या बँजोवर थोडेच.

त्यानंतर चार महिन्यांनी ग्रॅमीने कंट्री अल्बमच्या पुरस्काराचे ‘पारंपरिक’ आणि ‘समकालीन’ असे दोन भाग केले. पारंपरिकच्या व्याख्येत वाद्ये नावानिशी दिली आहेत, आणि त्यांत फिडल, स्टील गिटार आणि बँजो आहेत.