फर सीलच्या पिल्लांतला अंकुशकृमी : शोधाची पार्श्वभूमी

बेरिंग समुद्रातल्या सेंट पॉल आणि सेंट जॉर्ज या प्रिबिलोफ बेटांवर उत्तरेकडचे फर सील दर उन्हाळ्यात विणीसाठी येतात. १८६७ मध्ये अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतला, तेव्हा ही बेटे आणि तिथला सीलच्या कातड्यांचा किफायतशीर धंदा दोन्ही तिच्या हाती आले. पुढे जहाजे भर समुद्रातच सील मारू लागली. त्यांत कॅनडातून येणारी जहाजे मोठ्या संख्येने होती. पाण्यात पोहणारा सील नर की मादी हे ओळखता येत नाही. पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून चरायला गेलेली मादी मारली गेली की पिल्लूही उपाशी मरते. अमेरिकेची मुख्य तक्रार हीच होती. कॅनडा तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात होता, म्हणून वादात दुसरी बाजू ब्रिटनची होती. ब्रिटिश बाजूचे म्हणणे असे, की किनाऱ्यावर मेलेली सगळी पिल्ले भुकेने गेली हे कशावरून? १८९३ मध्ये पॅरिसला लवाद बसला. त्याने प्रिबिलोफभोवती साठ मैलांच्या आत सील मारण्यास बंदी घातली आणि १ मे ते ३१ जुलै हा काळ भर समुद्रातही बंद ठेवला.

या तारखांमुळे तपासाला एक नेमका आधार मिळाला. ऑगस्ट उजाडण्यापूर्वी मेलेल्या पिल्लांचा दोष त्या हंगामातल्या समुद्री शिकारीवर टाकता येत नव्हता. तरीही जुलैअखेर रेताड पट्ट्यांवर मेलेली पिल्ले पडलेली असत. १८९६ आणि १८९७ या दोन उन्हाळ्यांत डेव्हिड स्टार जॉर्डन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी आयोगाने बेटांवर मुक्काम ठोकला. ब्रिटनकडून डार्सी थॉम्प्सन आले होते. पहिल्या वर्षी निघालेला अर्थ सरळ होता. नर दोनशे किलोंच्या वर, नवजात पिल्लू पाच-सहा किलोंचे. माद्यांसाठी नर एकमेकांवर धावून जातात, तेव्हा पिल्ले त्यांच्याखाली चिरडली जातात. हे घडतेही. पण दुसऱ्या वर्षी आयोगातले शरीररचनेचे जाणकार फ्रेडरिक लूकस यांनी मृत पिल्लांची आतडी तपासली, तेव्हा त्यांत रक्त आणि बारीक कृमी भरलेले आढळले. तुडवले जाण्यावर टाकलेल्या मृत्यूंपैकी पुष्कळसे या कृमीचे होते.

भुकेने मेलेले पिल्लू आणि कृमीने मेलेले पिल्लू यांतला फरक शवविच्छेदनाच्या टेबलावर बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो. उपाशी पिल्लाच्या कातडीखालची चरबी संपलेली असते आणि जठर रिकामे असते. कृमीने मेलेल्या पिल्लाच्या अंगावर चरबी असू शकते, जठरात दूधही सापडू शकते. मात्र हिरड्या आणि आतले अवयव पांढरेफटक असतात आणि लहान आतड्यात काळपट, रक्ताळलेला द्रव असतो. हा कृमी म्हणजे अंकुशकृमी (हुकवर्म), साधारण सेंटीमीटरभर लांबीचा. त्याच्या तोंडात कापणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांनी तो आतड्याच्या अस्तराचा तुकडा धरतो आणि रक्त गोठू न देणारा स्राव सोडतो. जागा बदलली तरी जुनी जखम वाहत राहते. इतक्या लहान जिवात रक्त मुळात थोडेच असते, त्यामुळे काही शे कृमी जमले की ॲनिमिया जिवावर बेतू शकतो.

या कृमीला लूकस यांच्यावरून ‘अन्सिनॅरिया लूकासी’ हे नाव १९०१ मध्ये चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स यांनी दिले. पुढच्याच वर्षी स्टाइल्स यांनी अमेरिकेतल्या माणसांतला अंकुशकृमी वेगळी जात म्हणून नोंदवला. आज तो ‘नेकाटर अमेरिकानस’ या नावाने ओळखला जातो आणि भारतातल्या अंकुशकृमींतही तो मोठ्या प्रमाणावर सापडतो. संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातल्या शेतमजुरांचा अशक्तपणा या कृमीमुळे आहे, हा आग्रह स्टाइल्स यांनी लावून धरला आणि त्यातून १९०९ ची रॉकफेलर यांची अंकुशकृमी-निर्मूलन मोहीम उभी राहिली.

सीलमधला प्रश्न मात्र अर्धा सुटलेलाच होता. समुद्री सस्तन प्राण्यांच्या पोटातले बरेचसे कृमी त्यांनी खाल्लेल्या माशांतून येतात. ॲनिसाकिस आणि त्याचे भाऊबंद हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पण काही आठवड्यांच्या पिल्लाने मासा चाखलेलाच नसतो. मग अंकुशकृमी येतो कुठून? माणसात आणि कुत्र्यात त्याच्या अळ्या मातीतून कातडीत शिरतात, म्हणून इथेही तसेच असेल असे धरले गेले. त्यात दोन गोष्टी बसत नव्हत्या. एक, प्रौढ कृमी फक्त पिल्लांच्या आतड्यात सापडत होते. त्याच वाळूत लोळणाऱ्या मोठ्या सीलच्या आतड्यात ते नव्हते. दोन, पिल्लांत प्रौढ कृमी इतक्या लवकर दिसत, की जन्मानंतर वाळूतून शिरून वाढायला वेळच पुरला नसता.

कोलोरॅडोचे ओ. विल्फर्ड ओल्सन यांनी १९५० च्या दशकात सेंट पॉलवर हे काम हाती घेतले. नंतर यूजीन लायन्स त्यांच्यासोबत आले. १९६५ मध्ये दोघांनी संपूर्ण जीवनचक्र प्रसिद्ध केले. ते असे :

पिल्लाच्या विष्ठेतून कृमीची अंडी वाळूत पडतात. अळी अंड्याच्या आतच दोनदा कात टाकते आणि तिसऱ्या, संसर्गक्षम अवस्थेत बाहेर येते. वय काहीही असले तरी सील जिथे झोपतो, सरपटतो, तिथे ही अळी त्याच्या फ्लिपरच्या (वल्ह्यासारख्या पायाच्या) किंवा पोटाच्या कातडीतून आत शिरते. पण ती आतड्याकडे जात नाही. पोटाखालच्या चरबीत जाऊन थांबते, वाढत नाही आणि मरतही नाही. नरात शिरली तर तिचा प्रवास तिथेच संपतो. मादीत शिरली तर पुढच्या विणीच्या सुमारास ती स्तनग्रंथीकडे सरकते आणि पहिल्या काही दिवसांच्या दुधातून पिल्लाच्या पोटात उतरते. फक्त या वाटेने आलेली अळीच आतड्यात प्रौढ होते. वाळूतली तीच अळी पिल्लाच्या अंगात शिरली, तर तीसुद्धा मोठ्या सीलप्रमाणे चरबीतच अडकून राहते. आतड्यातले प्रौढ कृमी दोन-तीन महिने टिकतात. पिल्ले शरद ऋतूत समुद्राकडे निघण्याच्या सुमाराला बहुतेकांची आतडी मोकळी झालेली असतात.

हे जीवनचक्र समजले, आणि एरवी सुट्या वाटणाऱ्या निरीक्षणांची संगती लागली. मादी त्याच किनाऱ्यावर वर्षानुवर्षे परत येते, म्हणून एखाद्या वाळूच्या पट्ट्यातला संसर्ग तिथेच फिरत राहतो. खडकाळ किनाऱ्यावर विष्ठा लाटांनी आणि पावसाने धुऊन जाते, अळीला ओल आणि आडोसा मिळत नाही. रेताड सपाटीवर दोन्ही मिळतात. सेंट पॉलवर तोलस्तोई आणि झापादनी इथल्या रेताड भागांची कुप्रसिद्धी १८९७ पासूनची आहे, ती यामुळे.

गर्दीचा भाग तितकाच महत्त्वाचा. १९११ च्या करारात अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया यांनी समुद्री शिकार बंद केली. कळप सावरला आणि १९५० च्या दशकात एकट्या सेंट पॉलवर दरवर्षी चार लाखांहून अधिक पिल्ले जन्मू लागली. अळ्यांनी भरलेल्या वाळूवर इतक्या माद्या म्हणजे कृमीला सुगीच. पुढे १९५६ ते १९६८ या काळात, माद्या कमी केल्या तर पिल्ले जास्त जगतील आणि कातडी वाढतील या हिशेबाने, सुमारे तीन लाख माद्या मारण्यात आल्या. आमच्या मते प्रिबिलोफच्या इतिहासातला हा सर्वांत महागात पडलेला हिशेब. कळप अपेक्षेप्रमाणे वाढला नाही. घट थांबली नाही, आणि सेंट पॉलवर अलीकडे वर्षाला एक लाखाहून कमी पिल्ले जन्मतात. त्याबरोबर कृमीही ओसरला. लायन्स दशकांनंतर परत जाऊन मेलेल्या पिल्लांची आतडी तपासू लागले, तेव्हा एकेकाळी सर्रास सापडणारा कृमी मोजक्याच पिल्लांत उरला होता. आजच्या घटीचे खापर अंकुशकृमीवर फोडता येत नाही, हे त्यावरून ठरते.

ही तपासणी साधी पण वेळखाऊ असते. लहान आतडे पूर्ण लांबीत कापायचे, पाण्याखाली धुवायचे, धुवण बारीक जाळीच्या चाळणीतून गाळायचे आणि कृमी मोजायचे. शिळ्या शवात कृमी मरून विरघळू लागतात, म्हणून आकडा कमी येतो. जिवंत पिल्लाच्या विष्ठेत अंडी शोधायची तर संपृक्त मिठाच्या किंवा साखरेच्या द्रावणात ती तरंगवतात. इथे चूक होते ती वयाची. कृमी अजून अंडी घालू लागलेले नसतील, तर रक्तस्राव चालू असूनही नमुना कोरा येतो. मोठ्या सीलमधल्या अळ्या पाहायच्या तर पोटाखालच्या चरबीचे तुकडे कोमट सलाईनमध्ये ठेवावे लागतात. अळ्या बाहेर सरकतात आणि तळाशी जमतात.

दुधाच्या वाटेचा शोध सीलपुरता राहिला नाही. काही वर्षांतच स्टोन आणि जिरार्डो यांनी कुत्र्याचा अंकुशकृमी, ‘अँकिलोस्टोमा कॅनिनम’, हाही कुत्रीच्या दुधातून पिल्लांत जातो हे दाखवले. कुत्र्याच्या पिल्लाला दोन आठवड्यांचे असतानाच पहिला जंताचा डोस द्या आणि आईलाही द्या, असे आज मुंबई-पुण्यातले पशुवैद्य सांगतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच. सील आणि कुत्रा दोघेही मांसभक्षक गणाच्या एकाच शाखेतले, त्यामुळे त्यांच्या कृमींच्या सवयी जुळाव्यात यात नवल नाही.

दरम्यान असे लक्षात आले, की ‘अन्सिनॅरिया’ एक नव्हे, अनेक आहेत. कॅलिफोर्नियाच्या सॅन मिगेल बेटावर फर सील आणि कॅलिफोर्निया सी लायन शेजारी-शेजारी वितात, तरी त्यांचे अंकुशकृमी वेगळे निघाले. सी लायनमधल्या कृमीला २०१५ मध्ये लायन्स यांच्यावरून ‘अन्सिनॅरिया लायन्साय’ हे नाव मिळाले. हा कृमी अधिक घातक ठरतो. काही पिल्लांत तो आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीत जातो, त्यामागून जिवाणू रक्तात पसरतात. ऑस्ट्रेलियन सी लायनमधला ‘अन्सिनॅरिया सँग्विनिस’ २०१४ मध्ये नोंदवला गेला. त्या जातीची जवळजवळ सगळी पिल्ले बाधित होतात, आणि जात स्वतः धोक्यात आहे, म्हणून औषधाचा प्रश्न तिथे निकडीचा झाला.

औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन, न्यूझीलंडच्या एंडर्बी बेटावर आणि ऑस्ट्रेलियात वापरून पाहिलेले. संसर्ग पहिल्या दिवसांच्या दुधातूनच येतो, नंतर आतड्यात नव्याने कृमी येत नाहीत, म्हणून तत्त्वतः एकच डोस पुरतो. अडचण वेळेची आहे. ऑस्ट्रेलियन सी लायनमध्ये जन्मानंतर ११ ते १४ दिवसांत कृमी अंडी घालू लागतात, म्हणजे रक्त पिणे त्याआधीच सुरू झालेले असते. डोस उशिरा दिला तर कृमी मरतात, पण ॲनिमियाचा फटका बसून गेलेला असतो. इंजेक्शनने तिथे कृमी जवळपास पूर्ण गेले, तरी पिल्लांच्या वाढीत फरक दिसला नाही. लवकर द्यायचे म्हणजे आई जवळ असतानाच वसाहतीत शिरायचे. माणूस दिसताच माद्या पळतात आणि त्या धावपळीत पिल्ले तुडवली जातात. म्हणून कातडीवर ओतायचे आयव्हरमेक्टिन, किलोमागे ५०० मायक्रोग्रॅम, तपासले गेले. सुई लागत नाही, पिल्लू थोडाच वेळ धरावे लागते, आणि कृमी त्यानेही जातात.